बाटली क्रमांक ५३-एन : औषधांचे पॅकिंग, दर्जा आणि प्रशिक्षण यांचा एक ऐतिहासिक शोध

प्रस्तावना

औषधनिर्मितीचा इतिहास म्हणून आपल्याकडे जे शिकवले जाते तो बहुधा शोधांचा आणि शोधकांचा इतिहास असतो. देवीची लस, सल्फा औषधे, पेनिसिलीन ही नावे विद्यार्थ्यांना पाठ असतात. परंतु प्रयोगशाळेत सिद्ध झालेले औषध बाटलीत कोणी भरले, बूच कोणी बसवले, लेबल कोणी चिकटवले आणि ते काम त्या माणसाला कोणी शिकवले, हे प्रश्न इतिहासाच्या पुस्तकांत क्वचितच येतात. औषधशास्त्राच्या अभ्यासक्रमातही पॅकिंग हा विषय परीक्षेपुरता येतो आणि जातो. वास्तविक औषधाची सुरक्षितता शेवटी ज्या टप्प्यावर ठरते तो टप्पा हाच होय. औषध उत्तम असूनही भरताना, बंद करताना किंवा उघडताना झालेल्या चुकीमुळे माणसे मृत्युमुखी पडल्याची उदाहरणे विसाव्या शतकाच्या प्रारंभापासून आढळतात. त्यांपैकी एक उदाहरण आपल्या मुंबईशी निगडित आहे. प्रस्तुत लेखात त्या घटनेचा काहीसा विस्ताराने विचार करावयाचा असून, त्यानंतरच्या नियमांच्या वाटचालीचा आढावा त्या अनुषंगाने घ्यावयाचा आहे.

परळची प्रयोगशाळा

इ. स. १८९६ च्या उत्तरार्धात मुंबईत प्लेगची साथ उद्भवली. पटकीवरील लशीच्या कामासाठी १८९३ पासून हिंदुस्थानात असलेले वाल्डेमार मोर्डेकाय हाफकिन यांना सरकारने ऑक्टोबर १८९६ मध्ये मुंबईस पाचारण केले. ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयातील अपुऱ्या जागेत त्यांनी प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. त्यानंतर भायखळ्याच्या तुरुंगात स्वेच्छेने पुढे आलेल्या कैद्यांवर तिचा प्रयोग झाला. जागा बदलत बदलत ही प्रयोगशाळा १८९९ च्या ऑगस्टमध्ये परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये स्थिरावली. गव्हर्नरच्या निवासस्थानाच्या दालनांत आता काचेचे चंबू, नळ्या आणि बाटल्या मांडल्या गेल्या.

हाफकिन यांची मूळ पद्धत संथ होती. मांसरसात तुपाचे थेंब तरंगत ठेवून त्याखाली प्लेगचे जंतू सुमारे सहा आठवडे वाढवावयाचे, नंतर उष्णता देऊन ते मारावयाचे आणि शेवटी अर्धा टक्का कार्बोलिक आम्ल मिसळावयाचे, असा तिचा क्रम होता. हिंदू व मुसलमान या दोन्ही समाजांच्या भावना ध्यानी घेऊन मांसरसासाठी बोकडाचे मांस वापरले जाई. आपल्या लोकांत लस घेण्याबद्दल जी धास्ती होती ती पाहता ही दक्षता लहान मानता येणार नाही. मोठ्या चंबूतील लस पुढे लहान बाटल्यांत भरली जाई. बाटलीवर क्रमांक घातला जाई आणि बूच लावून ती दूरच्या जिल्ह्यांत रवाना होई.

१९०२ साली पंजाब सरकारने लस टोचण्याची मोठी मोहीम आखली आणि लशीची मागणी एकाएकी लाखो मात्रांच्या घरात गेली. सहा आठवड्यांची पद्धत या मागणीस पुरी पडणे शक्य नव्हते. हाफकिन यांनी उत्पादनाची नवी, जलद पद्धत स्वीकारली आणि त्याच वेळी कार्बोलिक आम्ल मिसळणे वगळून केवळ उष्णतेवर भिस्त ठेवली. पॅरिसच्या पाश्चर संस्थेतील रीतीशी हे सुसंगत होते, असे त्यांचे म्हणणे होते. शास्त्रीयदृष्ट्या या बदलास आधार नव्हता असे नाही. अर्धा टक्का कार्बोलिक आम्लाने धनुर्वाताचे बीजाणू काही मरत नाहीत. तथापि जंतूंची वाढ रोखून धरणारा एक पहारेकरी त्यामुळे दूर झाला आणि भरण्याच्या व बंद करण्याच्या कामावर पूर्वीपेक्षा अधिक भार येऊन पडला, हेही तितकेच खरे.

मुल्कोवाल, ३० ऑक्टोबर १९०२

पंजाबच्या गुजरात जिल्ह्यातील (हा भाग आता पाकिस्तानात आहे) मुल्कोवाल या गावी ३० ऑक्टोबर १९०२ रोजी १०७ जणांना लस टोचण्यात आली. त्या दिवशी पाच बाटल्या उघडल्या गेल्या. त्यांपैकी ५३-एन या क्रमांकाच्या बाटलीतून १९ जणांना लस मिळाली. आठवड्याभरात या एकोणीस जणांना धनुर्वाताची लक्षणे दिसू लागली आणि पुढे ते सर्वच्या सर्व मरण पावले. उरलेल्या ८८ जणांना काहीही झाले नाही. ही बाटली मुंबईत ४१ दिवसांपूर्वी भरली गेली होती.

येथे एका साध्या गोष्टीकडे लक्ष वेधणे आवश्यक वाटते. दोष लशीच्या मूळ कल्पनेत नाही, तो एका विशिष्ट बाटलीत आहे, हे तत्काळ सांगता आले ते केवळ बाटलीवर क्रमांक होता आणि कोणास कोणत्या बाटलीतून लस दिली याची नोंद झाली होती म्हणून. बॅच क्रमांक आणि वितरणाची नोंद या आज कायद्याने बंधनकारक असलेल्या गोष्टींचे मोल त्या नोंदीने दाखवून दिले. ती नोंद नसती तर संशय संपूर्ण मोहिमेवर गेला असता. नोंद असूनही मोहिमेला मोठा धक्का बसलाच.

चौकशीसाठी मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश सर लॉरेन्स जेंकिन्स यांच्या अध्यक्षतेखाली त्रिसदस्य आयोग नेमण्यात आला. बॉमफर्ड आणि सेंपल हे दोन वैद्यकीय अधिकारी त्याचे अन्य सदस्य होते. आयोगापुढील प्रश्न वरकरणी सरळ होता : धनुर्वाताचे जंतू बाटलीत कोठे शिरले, परळला की मुल्कोवालला?

मुल्कोवालच्या बाजूचा पुरावा असा की बाटली उघडण्याच्या सुमारास सहायकाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला. त्याने तो कार्बोलिक आम्लाच्या द्रावणात हलवून घेतला आणि त्याच चिमट्याने बूच काढले. धनुर्वाताच्या जंतूंचे घर म्हणजे माती, आणि त्यातही गुराढोरांचा वावर असलेल्या गावची माती. शिवाय लस टोचणाऱ्या डॉक्टरांनी बाटलीतील लशीचा वास घेतला होता व तीत दुर्गंधी आढळली नव्हती. ४१ दिवस जर धनुर्वाताचे जंतू बाटलीत वाढत असते तर दुर्गंधी यावयास हवी होती आणि रोगाची लक्षणेही आठवडाभर न थांबता लवकर दिसावयास हवी होती, असा युक्तिवाद पुढे हाफकिन यांच्या समर्थकांनी केला. आयोगाचे मत मात्र निराळे पडले. बाटली उघडण्यापूर्वीच दूषित झाली होती आणि निर्जंतुकीकरण अपुरे राहिल्याने किंवा मोठ्या चंबूतून लहान बाटलीत लस भरताना हे घडले असावे, असा निष्कर्ष आयोगाने काढला. प्रमाण ठरलेली पद्धत बदलून कार्बोलिक आम्ल वगळल्याचा ठपका हाफकिन यांच्यावर आला. त्यांना संचालकपद सोडावे लागले आणि १९०४ मध्ये ते इंग्लंडला गेले.

लंडनच्या लिस्टर संस्थेकडे हे प्रकरण अभिप्रायार्थ गेले तेव्हा तिने अधिक सावध भूमिका घेतली. जंतू बाटलीतील द्रवात होते हे जवळपास निश्चित, परंतु ते कोणत्या टप्प्यावर व कोणत्या मार्गाने आत गेले हे ठरविणे अशक्य आहे, असा तिच्या मताचा आशय होता. चौकशीची कागदपत्रे प्रसिद्ध झाल्यावर रोनाल्ड रॉस यांनी हाफकिन यांची बाजू हिरिरीने मांडली आणि २९ जुलै १९०७ च्या लंडनच्या ‘टाइम्स’मध्ये दहा शास्त्रज्ञांच्या सहीचे पत्र प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी सरकारने हाफकिन यांना पुन्हा हिंदुस्थानात काम देऊ केले. ते कलकत्त्यास परतले, पण पूर्वीचा अधिकार आणि लसनिर्मितीचे क्षेत्र त्यांना पुन्हा लाभले नाही. १९२५ साली परळच्या प्रयोगशाळेस त्यांचे नाव देण्यात आले. १९३० मध्ये लोझान येथे त्यांचे निधन झाले.

या प्रकरणाकडे आजवर अन्याय झालेल्या एका थोर शास्त्रज्ञाची कथा म्हणून पाहिले गेले आहे. ते चूक नाही. हाफकिन यांना मिळालेली वागणूक कोणाही संवेदनशील वाचकास अस्वस्थ करणारी आहे. परंतु औषधदर्जाच्या इतिहासाच्या दृष्टीने ही मांडणी अपुरी पडते असे प्रस्तुत लेखकास वाटते. परळ की मुल्कोवाल हा वाद कितीही रंगला तरी दोन्ही उत्तरांच्या तळाशी एक हात आहे : चंबूतून बाटलीत लस ओतणारा हात किंवा चिमट्याने बूच उपसणारा हात. पडलेला चिमटा द्रावणात क्षणभर बुडवणे पुरेसे नाही, तो ज्योतीवर धरावयास हवा, कारण बीजाणू कार्बोलिक आम्लाला दाद देत नाहीत, हे ज्याला कोणी सांगितलेच नसेल त्या सहायकाला निष्काळजी म्हणावे काय? त्याने तर आपल्या समजुतीप्रमाणे चिमटा स्वच्छच केला होता. नियम पाळणे आणि नियमाचे कारण जाणणे यांतील अंतर एका चिमट्याएवढे असते. त्या अंतरात मुल्कोवालचे एकोणीस जण सापडले असण्याची शक्यता नाकारता येत नाही.

सेंट लुईसचे लेबल

योगायोग असा की मुल्कोवालच्या अवघे वर्षभर आधी अमेरिकेतील सेंट लुईस शहरात धनुर्वातानेच एक अनर्थ घडला होता. तेथील नगर आरोग्य विभाग घटसर्पावरील रक्तद्रव स्वतः तयार करीत असे. त्यासाठी वापरल्या जाणाऱ्या ‘जिम’ नावाच्या घोड्यास धनुर्वात झाल्याचे लक्षात आल्यावर त्यास ऑक्टोबर १९०१ च्या प्रारंभी मारण्यात आले. त्यापूर्वी, ३० सप्टेंबर रोजी, त्याचे रक्त काढलेले होते. हे रक्तद्रव नष्ट व्हावयास हवे होते. ते बाटल्यांत भरले गेले, आणि काही बाटल्यांवर २४ ऑगस्ट या आधीच्या, निर्दोष साठ्याची तारीख घातली गेली. तेरा मुले दगावली.

अमेरिकेच्या काँग्रेसने पुढच्याच वर्षी जैविक औषधांच्या नियंत्रणाचा कायदा केला. १ जुलै १९०२ रोजी त्यावर अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांची स्वाक्षरी झाली. उत्पादकास परवाना, कारखान्याची तपासणी आणि लेबलवर औषधाचे नाव, उत्पादकाचा पत्ता, परवाना क्रमांक व मुदत संपण्याची तारीख, असे त्याचे स्वरूप होते. मुल्कोवालनंतर हिंदुस्थानात असा कायदा झाला नाही. एका व्यक्तीवर दोष निश्चित झाला की यंत्रणा सुधारण्याची निकड ओसरते, याचे हे उदाहरण म्हणावे काय, याचा विचार इतिहासाच्या अभ्यासकांनी करावा. कर्नल रामनाथ चोप्रा यांची औषध चौकशी समिती १९३० मध्ये नेमली गेली, तिचा अहवाल १९३१ मध्ये आला आणि औषध कायदा व्हावयास १९४० साल उजाडले. त्याखालील नियम १९४५ चे. लेबलविषयक तरतुदी त्यात होत्या. बाटली भरणाऱ्याच्या शिक्षणाचा विचार व्हावयास मात्र आणखी चार दशके जावी लागली.

झाकणातील अस्तर आणि दुर्लक्षित तापमापक

दुसऱ्या महायुद्धानंतर औषधनिर्मिती प्रचंड प्रमाणावर होऊ लागली. चांगल्या उत्पादनपद्धतीचे लिखित नियम अमेरिकेने १९६३ मध्ये केले आणि जागतिक आरोग्य संघटनेने १९६९ मध्ये तशी शिफारस सदस्य देशांना केली. ब्रिटनची मार्गदर्शिका १९७१ मध्ये निघाली. नियम कागदावर आले खरे, पण त्याच सुमारास घडलेल्या दोन घटनांनी त्यांची मर्यादा दाखवून दिली.

पहिली घटना अमेरिकेतील. शिरेवाटे देण्याच्या द्रावणांच्या बाटल्यांच्या झाकणात एका मोठ्या उत्पादकाने नव्या प्रकारचे अस्तर घातले. बदल क्षुल्लक होता. द्रावण तेच, बाटली तीच. परंतु या अस्तराखाली जंतू तग धरून राहत आणि झाकण फिरवून उघडताना द्रावणात उतरत. जुलै १९७० ते एप्रिल १९७१ या काळात २५ रुग्णालयांतील ३७८ रुग्णांना या द्रावणांमुळे रक्तदोष झाल्याचे नंतरच्या अभ्यासात नोंदले गेले. पॅकिंगमधील कोणताही बदल हा औषधातीलच बदल मानून तपासला पाहिजे, ही आज पाठ्यपुस्तकांत सहजपणे लिहिली जाणारी गोष्ट अशी महागात शिकावी लागली.

दुसरी घटना ब्रिटनमधील आणि आपल्या विषयाच्या अधिक जवळची. लिव्हरपूलच्या स्पीक भागातील एका कारखान्यात एप्रिल १९७१ मध्ये डेक्स्ट्रोज द्रावणाच्या बाटल्या ऑटोक्लेव्हमध्ये निर्जंतुक करण्यात आल्या. यंत्राच्या तळाशी हवा अडकून राहिल्याने खालच्या बाटल्यांना आवश्यक तापमान मिळाले नाही. तापमान नोंदवणाऱ्या एका उपकरणाने ते दाखवलेही होते. पण काम करणाऱ्यांनी उपकरणच बिघडले आहे असे समजून शेजारच्या दुसऱ्या उपकरणावर विसंबणे पसंत केले. चाचणीसाठी नमुने घेतले गेले ते वरच्या बाटल्यांचे, आणि ते अर्थातच निर्दोष निघाले. मार्च १९७२ मध्ये प्लिमथच्या डेव्हनपोर्ट रुग्णालयात ही द्रावणे दिली गेली आणि पाच रुग्णांच्या मृत्यूशी त्यांचा संबंध जोडला गेला. क्लोदियर समितीने त्याच वर्षी अहवाल सादर केला. तंत्रज्ञान अपुरे पडले असे तिने म्हटले नाही. माणसे व त्यांची देखरेख कमी पडली, आणि अल्पकुशल माणसांच्या हाती साधी यंत्रे दिली की निर्जंतुकीकरण आपोआप साधते हा सार्वत्रिक समज धोकादायक आहे, असे तिचे प्रतिपादन होते.

सत्तर वर्षांच्या अंतराने घडलेल्या मुल्कोवाल आणि डेव्हनपोर्ट या घटना शेजारी ठेवून पाहाव्यात. मुल्कोवालला सहायकाचे नाव चौकशीत आले, पण शिक्षा झाली ती संचालकास. डेव्हनपोर्टच्या अहवालाने एका माणसाऐवजी कामाच्या व्यवस्थेकडे बोट दाखवले. अमेरिकेच्या १९७८ च्या सुधारित नियमांत पॅकिंग व लेबलवरील नियंत्रणासाठी स्वतंत्र प्रकरण आले आणि प्रत्येक कर्मचाऱ्यास त्याच्या कामाचे तसेच नियमांचे प्रशिक्षण नियमितपणे दिले पाहिजे, अशी स्पष्ट तरतूदही आली. (१९८२ मध्ये शिकागो परिसरात बाजारातील कॅप्सूलमध्ये कोणीतरी सायनाइड मिसळल्याने सात जण मृत्युमुखी पडले आणि छेडछाड लक्षात येईल असे मोहोरबंद वेष्टन सक्तीचे झाले. परंतु तो गुन्हा होता. प्रशिक्षणाचा प्रश्न तेथे नव्हता.)

मुंबई, पुन्हा एकदा

१९८६ च्या जानेवारी-फेब्रुवारीत मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात ग्लिसरॉल दिलेल्या १४ रुग्णांचा मृत्यू झाला. त्यात डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी द्रव्य मिसळलेले होते. न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांच्या आयोगाने औषधखरेदीपासून अन्न व औषध प्रशासनापर्यंत साऱ्या साखळीची झाडाझडती घेतली. महाराष्ट्राच्या सार्वजनिक जीवनात हा अहवाल चांगलाच गाजला. आपल्या विषयापुरते सांगावयाचे तर पात्रावर लिहिलेले आणि पात्रात असलेले यांत फरक होता आणि तो फरक पडताळण्याची जबाबदारी ज्यांच्यावर होती त्या प्रत्येकाने ती पुढच्यावर सोडली होती. सेंट लुईसची आठवण व्हावी अशीच ही स्थिती होय.

कालक्रमाने यालगतच, जून १९८८ मध्ये, औषध नियमांत अनुसूची ‘एम’ समाविष्ट झाली. डिसेंबर २००१ च्या सुधारणेने ती पुष्कळ विस्तृत झाली. पॅकिंग सुरू करण्यापूर्वी आधीच्या औषधाचे काहीही मागे राहिलेले नाही याची खात्री करणे, छापील लेबले कुलूपबंद ठेवणे, दिलेली, वापरलेली व उरलेली लेबले यांचा हिशेब जुळवणे, गुणनियंत्रण विभागाचा प्रमुख उत्पादन विभागापासून स्वतंत्र असणे, कर्मचाऱ्यांची कर्तव्ये लिहून देणे आणि त्यांचे प्रशिक्षण करून त्याच्या नोंदी ठेवणे, अशा अपेक्षा आता कायद्याच्या भाषेत आल्या. आपल्या देशात पॅकिंगचे शास्त्र शिकवणारी स्वतंत्र संस्था, भारतीय पॅकेजिंग संस्था, १९६६ मध्ये स्थापन झाली होती, आणि तीही मुंबईतच. म्हणजे ज्ञान उपलब्ध नव्हते असे म्हणता येणार नाही.

२०२३ च्या डिसेंबरअखेर अनुसूची ‘एम’ पुन्हा नव्याने अधिसूचित झाली. २५० कोटींहून अधिक उलाढाल असलेल्या उद्योगांना सहा महिन्यांची, लहान व मध्यम उद्योगांना वर्षभराची मुदत होती. ती पुढे अर्ज करणाऱ्या लहान-मध्यम उद्योगांसाठी ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत वाढवण्यात आली. ऑगस्ट २०२३ पासून तीनशे प्रमुख औषधांच्या वेष्टनावर क्यूआर संकेत किंवा बारकोड सक्तीचा झाला असून त्यात बॅच क्रमांक, उत्पादनाची व मुदतीची तारीख, परवाना क्रमांक ही माहिती असते. ५३-एन या दोन आकडी क्रमांकाचे हे आधुनिक रूप होय.

प्रशिक्षणाच्या बाबतीत एक अनुभव नमूद करण्याचा मोह आवरत नाही. काही वर्षांपूर्वी विद्यार्थ्यांना घेऊन एका औषध कारखान्यात गेलो असता पॅकिंग विभागातील प्रशिक्षणाची नोंदवही अधिकाऱ्यांनी कौतुकाने दाखवली. नोंदवही निर्दोष होती. दर महिन्याच्या सत्रापुढे सर्वांच्या सह्या होत्या. सूचनापत्रक इंग्रजीत होते. गोळ्यांच्या स्ट्रिप खोक्यात भरणाऱ्या एका मुलीला आमच्या विद्यार्थिनीने मराठीत विचारले की पाळी संपल्यावर उरलेली लेबले का मोजता. ती म्हणाली, ‘‘साहेब मोजायला सांगतात म्हणून.’’ विद्यार्थिनीने तिथेच उभ्या उभ्या तिला कारण सांगितले. मुलीने ते लक्षपूर्वक ऐकले, आणि मग टेबलाखाली वाकून, यंत्राच्या पायाशी पडलेले एक लेबल उचलून आणले.